विश्लेषण : घोड्याच्या रक्तात विजय दिसतो का?

शर्यत चार-पाच दिवसांवर आली की पहाटेच तबेल्यात पशुवैद्यक येतो. घोड्याच्या मानेतील शिरेतून थोडे रक्त काढतो आणि दुपारपर्यंत अहवाल ट्रेनरच्या मोबाइलवर येतो. हिमोग्लोबिन किती, तांबड्या पेशी किती, स्नायूंची विकरे किती, असे पंधरा-वीस आकडे त्यात असतात. जगभरातील मोठ्या तबेल्यांत ही पद्धत आता रुळली आहे. मालकाचा प्रश्न मात्र एकच असतो, घोडा जिंकणार का? या प्रश्नाचे उत्तर रक्त देत नाही. ते नेमके काय सांगते, काय सांगू शकत नाही आणि या आकड्यांच्या मागे लागून घोड्यांचे जीव कसे जातात, याचा हा आढावा.

घोड्याचे रक्त इतके वेगळे का?

शर्यतीचा ‘थरोब्रेड’ घोडा साधारण पाचशे किलोचा असतो आणि त्याच्या अंगात चाळीस लिटरच्या आसपास रक्त असते. उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळा धडधडते. भरधाव वेगात हाच आकडा २२० ते २४० वर जातो. म्हणजे सेकंदाला जवळपास चार ठोके. किलोमागे प्राणवायू वापरण्याची त्याची क्षमता अव्वल दर्जाच्या मॅरेथॉन धावपटूच्या जवळपास दुप्पट असते.

या क्षमतेचे एक मोठे रहस्य प्लीहेत, म्हणजेच पाणथरीत आहे. घोड्याची प्लीहा ही तांबड्या पेशींची कोठी असते. निवांत असताना एकूण तांबड्या पेशींपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक पेशी तेथे साठवलेल्या असतात. घोडा धावू लागला की अ‍ॅड्रेनलिनच्या इशाऱ्याने प्लीहा आकसते आणि हा साठा रक्तप्रवाहात सोडते. रक्तातील पेशींचे प्रमाण ‘पीसीव्ही’ या आकड्याने मोजतात. निवांत घोड्यात ते ३२ ते ४६ टक्क्यांच्या दरम्यान असते. जोरकस दौडीनंतर ते ६० ते ७० टक्क्यांपर्यंत पोहोचते. माणसाच्या रक्तात हा आकडा आढळला तर डॉक्टर त्याला तातडीने रुग्णालयात दाखल करतील. घोड्यासाठी ती रोजची बाब आहे.

मग एका चाचणीवर भरवसा का ठेवता येत नाही?

कारण हीच कोठी अहवाल फसवा करते. सुई पाहून घोडा बुजला, शेजारच्या ठाणातील घोडा खिंकाळला किंवा नुकतीच रपेट झालेली असली, तरी प्लीहा काही पेशी सोडते. त्याच घोड्याचे त्याच दिवशीचे दोन नमुने इतके वेगळे येऊ शकतात की एक अहवाल ‘अशक्त’ वाटावा आणि दुसरा ‘दणकट’. धावून आल्यावर सोडलेल्या पेशी प्लीहेत परतायला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. घोड्याच्या अंगातील पाणी कमी झाले असेल तरीही आकडा वर जातो. त्यामुळे उत्तम दिसणारा अहवाल प्रत्यक्षात तहानलेल्या किंवा घाबरलेल्या घोड्याचा असू शकतो.

म्हणूनच रक्त घेण्याची शिस्त महत्त्वाची ठरते. सकाळी चंदी देण्यापूर्वी, व्यायामापूर्वी, ओळखीच्या सईसाने धरलेले असताना आणि दर वेळी ठरलेल्या वेळी नमुना घ्यायचा. तुलना शेजारच्या घोड्याशी नव्हे, तर त्याच घोड्याच्या मागील अहवालांशी करायची.

स्वीडनमधील पशुवैद्यक सुने पर्सन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा मुद्दा स्पष्ट केला होता. घोड्याच्या कार्यक्षमतेशी संबंध लागतो तो शरीरातील तांबड्या पेशींच्या एकूण साठ्याचा. निवांत अवस्थेत घेतलेल्या नमुन्यात हा साठा पूर्ण दिसत नाही, कारण त्यातील मोठा भाग प्लीहेत दडलेला असतो. काही स्वीडिश ट्रॉटर घोड्यांत तर तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढलेल्या आढळल्या आणि त्यांची कामगिरी उलट ढासळलेली होती. रक्त जास्त घट्ट झाले की हृदयाला ते ढकलणे जड जाते. ‘जितके लाल तितके वेगवान’ हे गणित तेथेच चुकते.

अहवालात पशुवैद्यक नेमके काय पाहतो?

तो वेगाऐवजी बिघाडाच्या खुणा शोधतो. पहिली खूण स्नायूंची. स्नायूंना इजा झाली की ‘सीके’ आणि ‘एएसटी’ ही विकरे रक्तात उतरतात. ‘सीके’ काही तासांत वर जाते आणि लवकर ओसरते. ‘एएसटी’ सावकाश वाढते आणि अनेक दिवस रेंगाळते. दोन्ही वाढलेली असतील तर इजा ताजी किंवा सुरूच आहे. फक्त ‘एएसटी’ वाढलेले असेल तर ती काही दिवसांपूर्वी होऊन गेली आहे. धावताना स्नायू आखडून घोडा जागीच थिजतो, त्या विकारात ‘सीके’ काही शेकड्यांवरून हजारोंच्या, कधी लाखाच्या घरात जाते. पूर्वी गाडी ओढणाऱ्या घोड्यांमध्ये याला ‘सोमवारचा आजार’ म्हणत. रविवारी सुट्टी, पण चंदी पूर्ण आणि सोमवारी पुन्हा जड काम, असा त्यामागचा हिशेब होता.

दुसरी खूण संसर्गाची. ‘सीरम अमायलॉइड ए’ हे प्रथिन निरोगी घोड्यात जवळपास नसतेच. जिवाणूंचा संसर्ग झाला की एका दिवसात ते शेकडो पटींनी वाढते. ताप किंवा खोकला दिसण्याआधीच ते इशारा देऊ शकते. आता त्याची चाचणी तबेल्यातच काही मिनिटांत करता येते. तिसरी खूण ‘जीजीटी’ या यकृताशी निगडित विकराची. प्रशिक्षणाचा ताण साचत गेलेल्या काही घोड्यांत ते सतत चढे राहते आणि घोडा मंदावतो.

या तिन्ही खुणांचा अर्थ एकच निघतो. घोड्याला विश्रांती हवी की नको, हे त्या सांगतात. तो पहिला येईल की पाचवा, यावर त्या काही बोलत नाहीत.

तंदुरुस्ती मोजणारी चाचणी नाहीच का?

आहे, पण ती उभ्या घोड्याच्या रक्तात सापडत नाही. त्यासाठी घोड्याला पळवावे लागते. वेग वाढला की स्नायूंत लॅक्टेट तयार होऊन रक्तात येते. निवांत घोड्यात ते लिटरला एक मिलिमोल किंवा त्याहून कमी असते, शर्यतीनंतर २० च्या पुढे जाऊ शकते. ट्रेडमिलवर किंवा धावपट्टीवर टप्प्याटप्प्याने वेग वाढवून दर टप्प्याला रक्त तपासले जाते. लॅक्टेट चार मिलिमोलवर पोहोचते तेव्हा घोड्याचा वेग किती होता, याची नोंद होते. दोन महिन्यांच्या सरावानंतर हाच आकडा अधिक वेगावर गाठला जात असेल, तर घोडा तयार होतो आहे. उलटे घडत असेल, तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

दुसरी चाचणी जनुकांची. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधील संशोधक एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मायोस्टॅटिन या जनुकातील एका फरकाचा शर्यतीच्या अंतराशी संबंध दाखवला. या जनुकाचे ‘सीसी’ रूप असलेले घोडे बहुधा कमी अंतराच्या वेगवान शर्यतीत चमकतात, ‘टीटी’ रूपाचे घोडे लांब पल्ल्याच्या आणि ‘सीटी’ रूपाचे मधल्या अंतराच्या. ‘स्पीड जीन’ या नावाने ही चाचणी गाजली. मात्र ती घोड्याला कोणते अंतर मानवेल याचा कल सांगते. त्याच रूपाचे हजारो घोडे कधीच एकही शर्यत जिंकत नाहीत.

रक्त ‘वाढवण्याचा’ मोह कुठे नेतो?

अहवालातील आकडा म्हणजेच ताकद, असा समज झाला की तो वाढवण्याची धडपड सुरू होते. सर्वांत साधा प्रकार लोहाच्या टॉनिकचा. चारा आणि चंदीतून घोड्याला पुरेसे लोह मिळते, त्याची कमतरता सहसा होत नाही. तरीही पीसीव्ही थोडा कमी दिसला की इंजेक्शन दिले जाते. शरीराला जादा लोह सहज बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साचते.

त्यापुढची पायरी अधिक घातक आहे. मूत्रपिंडात तयार होणारे ‘ईपीओ’ हे संप्रेरक तांबड्या पेशींची निर्मिती वाढवते. माणसासाठी बनवलेले कृत्रिम ईपीओ घोड्यांना टोचण्याचे प्रकार घडले. १९९० च्या दशकात पशुवैद्यकांनी त्याचे भयंकर परिणाम नोंदवले. काही घोड्यांच्या शरीराने या परक्या ईपीओविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आणि त्या प्रतिपिंडांनी घोड्याचे स्वतःचे ईपीओही निकामी केले. रक्त वाढण्याऐवजी त्याची निर्मितीच थांबली. घोडे रक्तक्षयाने खंगले, काही मेले.

कोबाल्टचीही कथा अशीच. शरीराला प्राणवायू कमी पडतो आहे असा खोटा संदेश कोबाल्ट देते आणि ईपीओ वाढेल या आशेने ते दिले जाते. जादा मात्रेत ते विष आहे. आंतरराष्ट्रीय अश्वशर्यत महासंघाने त्यासाठी रक्त आणि लघवीतील कमाल मर्यादा ठरवून दिली आहे.

‘ताकदीच्या’ इंजेक्शनाचा धोका २००९ मध्ये फ्लोरिडातील पोलो मैदानावर जगाने पाहिला. व्हेनेझुएलातील मालकाच्या संघाचे २१ पोलो घोडे सामन्यापूर्वी कोसळले आणि मेले. त्यांना दिलेल्या जीवनसत्त्व-खनिजांच्या मिश्रणात सेलेनियमची मात्रा चुकून कित्येक पटींनी जास्त पडली होती. हा उत्तेजकांचा प्रकार नव्हता. थकवा लवकर जावा म्हणून दिलेले ते टॉनिक होते.

उत्तेजक चाचणीत हे पकडले जात नाही का?

काही पकडले जाते, काही निसटते. शर्यतीनंतर रक्त आणि लघवीचे नमुने घेऊन ते दोन भागांत मोहोरबंद केले जातात. पहिल्यात दोष आढळला तर दुसऱ्याची फेरतपासणी मागता येते. आजची यंत्रे किती बारीक पाहतात याचे उदाहरण म्हणजे २०२१ ची केंटकी डर्बी. पहिला आलेल्या ‘मेडिना स्पिरिट’च्या रक्तात बीटामेथासोन हे दाहशामक औषध मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम आढळले. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हे औषध उपचारासाठी चालते, शर्यतीच्या दिवशी अंगात चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले. घोडा त्याआधीच, डिसेंबर २०२१ मध्ये, सरावानंतर कोसळून मेला होता.

काही चाचण्या औषधाऐवजी त्याचा परिणाम मोजतात. शर्यतीच्या काही तास आधी नाकातून नळी घालून खाण्याचा सोडा पाजला की रक्तातील आम्लता दबते आणि स्नायू उशिरा थकतात, असा समज आहे. सोडा शरीरात एरवीही असतोच, म्हणून रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण मोजतात. लिटरला ३६ मिलिमोल ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

माणसांच्या खेळात २००९ पासून ‘बायॉलॉजिकल पासपोर्ट’ आहे. खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवायची आणि त्यातील अनैसर्गिक बदल पकडायचा. त्यात अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींचे प्रमाण हा महत्त्वाचा धागा असतो. घोड्याची अस्थिमज्जा अशा कोवळ्या पेशी रक्तात जवळजवळ सोडतच नाही. त्यात प्लीहेमुळे आकडे क्षणात बदलतात. त्यामुळे माणसाचा पासपोर्ट घोड्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

अमेरिकेतील खटल्याने काय दाखवले?

९ मार्च २०२० रोजी न्यूयॉर्कच्या संघराज्य अभियोक्त्यांनी ट्रेनर, पशुवैद्यक आणि औषध पुरवठादार अशा दोन डझनांहून अधिक जणांवर आरोप ठेवले. त्यात जॉर्ज नवारो आणि जेसन सर्व्हिस हे आघाडीचे ट्रेनर होते. सर्व्हिस यांच्या ‘मॅक्सिमम सिक्युरिटी’ने जेमतेम दहा दिवसांपूर्वी सौदी कप जिंकला होता. नवारो यांचा ‘एक्स वाय जेट’ हा दुबईत जिंकलेला घोडा जानेवारी २०२० मध्ये मेला होता. त्याला प्रतिबंधित द्रव्ये दिल्याची कबुली नवारो यांनी पुढे न्यायालयात दिली. नवारो यांना डिसेंबर २०२१ मध्ये पाच वर्षांची, तर सर्व्हिस यांना जुलै २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे गुन्हा उघडकीस आणला तो तपास यंत्रणांनी ऐकलेल्या फोनवरील संभाषणांनी. चाचणीत सापडू नयेत अशाच हेतूने ही द्रव्ये बनवली आणि विकली जात होती. प्रयोगशाळा जे शोधते तेच तिला सापडते. नावच माहीत नसलेले द्रव्य रक्तात असले तरी अहवाल स्वच्छ येतो.

त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत अश्वशर्यतींच्या सचोटी आणि सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदा झाला. मे २०२३ पासून उत्तेजकांसंबंधी देशपातळीवरील समान नियम लागू झाले. शर्यत नसतानाही तबेल्यात अचानक जाऊन नमुने घेणे हा त्यातील कणा आहे. त्याची उपयुक्तता ब्रिटनमध्ये २०१३ मध्येच दिसली होती. न्यूमार्केटमधील एका बड्या तबेल्यात ४५ घोड्यांचे नमुने घेतले गेले. त्यांपैकी ११ घोड्यांत स्टेरॉइड सापडली आणि ट्रेनर महमूद अल झरूनी यांच्यावर आठ वर्षांची बंदी आली. शर्यतीच्या दिवसाची वाट पाहिली असती तर त्यातील किती सापडली असती, हा प्रश्नच आहे.

रक्ताला काय दिसत नाही?

हाडे. शर्यतीत घोडा दगावण्याचे सर्वांत मोठे कारण पायाचे हाड मोडणे हे आहे. मोठ्या फ्रॅक्चरआधी हाडात बारीक तडे पडत जातात. नेहमीच्या रक्ततपासणीत ते उमटत नाहीत. कॅलिफोर्नियातील सँटा अनिटा रेसकोर्सवर २०१८-१९ च्या हंगामात ३० घोडे दगावले तेव्हा हा मुद्दा जगासमोर आला. केंटकी विद्यापीठात रक्तातील आरएनएच्या खुणांवरून धोक्यातील घोडे आधी ओळखता येतील का, याचा अभ्यास सुरू आहे. तोवर क्ष-किरण, स्कॅन आणि लंगडणाऱ्या पायावर अनुभवी हात फिरवून पाहणे यांना पर्याय नाही. ‘रक्त चांगले आहे, पळवा’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे.

मुंबई-पुण्याशी याचा संबंध काय?

रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती पावसाळ्यात पुण्यात आणि हिवाळ्यात महालक्ष्मीला होतात. इंडियन डर्बी १९४३ पासून मुंबईत धावते. हंगाम बदलला की घोडे घाट उतरतात. मोठ्या शर्यतींसाठी बेंगळूरु, हैदराबाद, चेन्नई, कोलकात्याचे घोडेही प्रवास करून येतात. लांबच्या प्रवासात मान बांधलेल्या घोड्याला डोके खाली घेता येत नाही, श्वसनमार्गातील घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा संसर्ग जडतो. अशा वेळी प्रवासानंतरची रक्ततपासणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. मुंबईच्या दमट हवेत घामावाटे जाणारे पाणी आणि क्षार यांचाही अंदाज ती देते.

आणखी एक धागा कायद्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तमिळनाडूतील प्रकरणात अश्वशर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरवला. घोड्याचा वंश, प्रशिक्षण आणि जॉकीचे कसब यांचा अभ्यास करून पैज लावता येते, हा त्यामागचा आधार होता. घोड्याच्या अंगात काय भरले आहे हे पैज लावणाऱ्याला ठाऊक नसेल, तर हा आधारच डळमळतो. त्यामुळे स्वच्छ चाचणी हा प्राणिप्रेमाइतकाच तिकीट काढून आत येणाऱ्या सामान्य माणसाच्या पैशांचाही प्रश्न आहे.

मग चाचणीचा उपयोग कशासाठी?

घोड्याला थांबवण्यासाठी. रक्ततपासणीची खरी ताकद ‘आज नको’ हे वेळेत सांगण्यात आहे. ‘पळेल’ अशी हमी ती देत नाही. स्नायू दुखत असलेला, संसर्ग अंगात मुरवत असलेला, पाणी कमी झालेला घोडा तोंडाने सांगत नाही. टाच लागली की तो पळतो, कारण त्याला तेच शिकवलेले असते. अशा मुक्या जनावराच्या वतीने बोलणारे जे काही थोडे पुरावे आहेत, त्यांत रक्ताचा अहवाल येतो.

अडचण अशी की ‘थांबवा’ म्हणणाऱ्या अहवालाचा खर्च मालकाला बसतो आणि ‘वाढवा’ म्हणणाऱ्या इंजेक्शनाचा फायदा अनेकांना होतो. हे गणित उलटवायचे तर दोन गोष्टी लागतील. आजारी घोडा मागे घेणाऱ्या ट्रेनरकडे संशयाने पाहिले जाऊ नये आणि प्रत्येक घोड्याच्या उपचारांची, इंजेक्शनांची व रक्त अहवालांची नोंद नियामकांना केव्हाही पाहता यावी. तबेल्यातील अचानक तपासणी ही त्याची पुढची पायरी. चाळीस लिटर रक्तातील काही थेंबांना भविष्य विचारण्यापेक्षा त्यांनी आज दिलेला इशारा ऐकणे, एवढे जरी साधले तरी अनेक घोडे पुढच्या हंगामात धावताना दिसतील.